आहारोपदेशातील 'स्निग्ध' आणि 'पूर्वज' : दोन पदांची चिकित्सा

१

आहारविषयक उपदेशाची परीक्षा सामान्यतः वैद्यकाच्या अंगाने केली जाते, आणि ते योग्यच आहे. कोणत्या पदार्थाने रक्तातील कोणता घटक वाढतो हे ठरविण्याचा अधिकार प्रयोगाचा आहे, व्याकरणाचा नव्हे. परंतु प्रयोगशाळेत हाती आलेले तथ्य आणि घरातील चुलीपर्यंत पोहोचलेली सूचना यांच्यामध्ये एक वाक्य उभे असते. तथ्य निर्दोष असूनही हे वाक्य अपुरे असेल, तर ऐकणाऱ्याच्या ताटात उपदेशकाच्या मनात नसलेले काही येऊन पडते. म्हणून आहारोपदेशाची वाक्य या नात्यानेही तपासणी होणे आवश्यक आहे. वैद्यकाच्या प्रांतात हे अतिक्रमण ठरू नये. वैद्यकाने जे सांगितले ते नेमके काय सांगितले, एवढेच यात पाहावयाचे असते.

सुमारे सत्तर वर्षे दोन वाक्ये परस्परांशी झगडत आहेत. पहिले अधिकृत संस्थांचे : 'स्निग्ध पदार्थ कमी खा.' दुसरे त्यांच्या प्रतिपक्षाचे : 'पूर्वज खात होते तसे खा.' पहिल्यामागे शासन, विद्यापीठे आणि वैद्यकीय संघ यांचे बळ आहे. दुसऱ्यामागे पहिल्याविषयीच्या अपेक्षाभंगाचे. या वादात बहुधा दोहोंपैकी एक पक्ष स्वीकारून दुसऱ्याचे खंडन केले जाते. दोन्ही वाक्यांत एकाच जातीचा दोष असणे शक्य आहे, याचा विचार मात्र फारसा झालेला नाही.

वाक्यापासून अर्थबोध होण्यास आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन गोष्टी आवश्यक आहेत, असे न्याय आणि मीमांसा या शास्त्रांनी मानले आहे. एका पदाला अर्थपूर्तीसाठी दुसऱ्याची जी अपेक्षा असते ती आकांक्षा. पदार्थांचा परस्परसंबंध बाधित नसणे ही योग्यता. 'अग्नीने शिंपतो' या वाक्यात ती नाही. पदे विलंबावाचून जवळजवळ उच्चारली जाणे ही संनिधी. ही परिभाषा येथे काहीशा विस्तृत अर्थाने योजिली आहे. तशी योजिली असता आहारवादातील पुष्कळसा गोंधळ ओळखता येतो, असे दिसून येईल.

२

पहिल्या वाक्याचा इतिहास थोडक्यात पाहणे अवश्य आहे. मिनेसोटा विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९५३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील एका आलेखात सहा देशांतील आहारातील स्निग्धांशाचे प्रमाण एका अक्षावर आणि हृद्रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण दुसऱ्या अक्षावर मांडले होते. जपान तळाशी, अमेरिका शिखरावर, आणि मधले देश एका चढत्या वक्ररेषेवर असे ते चित्र होते. १९५५ च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला आणि हा विषय वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर गेला. १९६१ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने संपृक्त स्निग्ध पदार्थ कमी करून त्यांच्या जागी बहु-असंपृक्त तेले वापरण्याचा सल्ला दिला. १९७७ मध्ये सिनेटर मॅक्गव्हर्न यांच्या समितीने अमेरिकेची आहारविषयक उद्दिष्टे जाहीर केली. एकूण ऊर्जेपैकी स्निग्धांशाचा वाटा ३० टक्के, त्यात संपृक्त १० टक्के, असे आकडे त्यात होते. १९८० पासून तेथील शासनाच्या मार्गदर्शिका निघू लागल्या. १९९२ मध्ये आलेल्या प्रसिद्ध 'पिरॅमिड'च्या पायाशी ब्रेड, भात व इतर धान्यांचे दिवसाला सहा ते अकरा वाटे होते; स्निग्ध पदार्थ अगदी टोकाला, 'जपून वापरा' या सूचनेसह.

हा प्रवास निर्विवाद नव्हता. १९५७ मध्ये येरुशाल्मी आणि हिलेबो यांनी बावीस देशांची आकडेवारी घेऊन दाखविले की देशांची संख्या वाढविली असता कीज यांना दिसलेला संबंध बराच सैल होतो. शिवाय प्राणिज प्रथिनांशीही तसाच संबंध आढळतो. १९८० मध्ये, शासनाची पहिली मार्गदर्शिका निघाली त्याच वर्षी, अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अन्न व पोषण मंडळाने निरोगी व्यक्तींना स्निग्धांश कमी करण्याचा सरसकट सल्ला देण्यास पुरेसा आधार नाही, असे मत दिले. अधिकृत मानल्या जाणाऱ्या वर्तुळातच दोन मते होती. लोकांपर्यंत मात्र त्यांतील एकच पोहोचले.

येथे प्रतिपक्षाच्या एका प्रिय आरोपाचाही निकाल लावणे न्याय्य होईल. कीज यांनी बावीस देशांतून आपल्या सोयीचे सात देश निवडले, असे अनेक लोकप्रिय ग्रंथांत लिहिलेले आढळते. यात दोन भिन्न कृतींची सरमिसळ आहे. बावीस देशांचा प्रश्न १९५३ च्या आलेखासंबंधीचा, आणि त्यात देश सहा होते. 'सात देशांचे अध्ययन' हे १९५८ मध्ये सुरू झालेले स्वतंत्र कार्य होय. त्यात अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान येथील चाळीस ते एकोणसाठ वयाच्या बारा हजारांहून अधिक पुरुषांची प्रत्यक्ष तपासणी करून पुढे अनेक वर्षे त्यांचा मागोवा घेण्यात आला. त्या अध्ययनातील निवडीवर आक्षेप घेता येतील. परंतु ते या आरोपाहून वेगळे आहेत. दुसऱ्याच्या पुराव्यातील शैथिल्य दाखविणाऱ्याने स्वतःच्या पुराव्यात असे शैथिल्य ठेवणे, हे या वादाचे एक लक्षणच होऊन बसले आहे.

३

आता पदांकडे वळू. इंग्रजी भाषेत 'फॅट' हा एकच शब्द तीन कामे करतो. तो खाण्यातील घटकाचा वाचक आहे, शरीरात साठलेल्या ऊतीचा वाचक आहे, आणि लठ्ठ मनुष्याचे विशेषणही आहे. जे खावे तेच अंगावर चढते, हा सिद्धान्त त्या भाषेत सिद्ध करावा लागत नाही. शब्दाच्या एकत्वातच तो गृहीत असतो. एका शब्दाने एवढी मोठी राष्ट्रीय नीती घडविली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ती नीती सर्वसामान्य माणसास विनासायास पटली, याचे एक कारण येथे असावे.

मराठीची मूळ व्यवस्था वेगळी आहे. खाण्याच्या वस्तूंना येथे त्यांची त्यांची नावे आहेत : तूप, लोणी, साय, तेल, आणि तेलातही करडईचे, तिळाचे, जवसाचे, खोबऱ्याचे. शरीरात साठते ती चरबी. 'चरबी चढणे' म्हणजे माजणे. तूप खाणाऱ्याला कोणी तेवढ्यावरून माजलेला म्हणत नाही. 'स्निग्ध' हे विशेषण मुळात स्पर्शाचे आणि भावनेचे. 'स्नेह' शब्दाच्या तेल व प्रेम या दोन्ही अर्थांशी त्याचे नाते आहे. 'मेद' हा आयुर्वेदातील सप्तधातूंपैकी चौथा, म्हणजे शरीराचा घटक. ताटातील पदार्थ नव्हे. आधुनिक पोषणशास्त्राची परिभाषा घडविताना 'फॅट'साठी एका ठिकाणी 'स्निग्ध पदार्थ', दुसऱ्या ठिकाणी 'मेद' असे दोन्ही शब्द योजिले गेले. पैकी दुसऱ्याने इंग्रजीतील एकत्व मराठीत जसेच्या तसे आणले. 'कमी मेदयुक्त आहार' असे म्हणताच खाण्यातील वस्तू आणि पोटावरील थर यांतील अंतर नाहीसे होते.

हे अंतर शब्दांपुरतेच नाही, हे पुण्याच्या परिसरातच दिसून आले आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचे व त्यांच्या अपत्यांचे जे अध्ययन डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले, त्यात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम भरले. तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम. ही बालके सर्व मापांनी लहान होती. परंतु पाठीवरील त्वचेखालच्या चरबीचा थर त्या मानाने फारसा कमी नव्हता. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने 'कृश तरीही मेदयुक्त' असे एक विरोधाभासी वर्णन वैद्यकात रूढ केले. या मातांचा आहार तुपातेलाने ओथंबलेला नव्हता. तो शेतावर राबणाऱ्या स्त्रियांचा, मुख्यतः धान्याचा आहार होता. शरीरातील मेद हा ताटातील मेदाचा प्रतिध्वनी नव्हे, हे सांगण्यास याहून जवळचा दाखला शोधण्याची गरज नाही.

'संपृक्त' हे दुसरे पद रसायनशास्त्राचे. कार्बनच्या साखळीत हायड्रोजनला जागा उरलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. परंतु लोकव्यवहारात ते 'प्राणिज' या पदाचे पर्यायवाचक बनले. वस्तुतः कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाणारे खोबरेल संपृक्त मेदाम्लांच्या बाबतीत तुपालाही मागे टाकते, तर डुकराच्या चरबीत निम्म्याहून अधिक भाग असंपृक्त असतो. रेणूचा गुणधर्म सांगणारे पद खाद्यपदार्थांच्या वर्गीकरणास लावले की असे संकर अटळ होतात.

४

'स्निग्ध पदार्थ कमी खा' या वाक्याचा मुख्य दोष आकांक्षेचा आहे. मनुष्य ऊर्जेचे एक साधन कमी करतो तेव्हा, उपाशी राहावयाचे नसल्यास, दुसरे वाढवितो. 'कमी' हे पद उच्चारताच 'कशाऐवजी' ही अपेक्षा उत्पन्न होते. ती उपदेशकाने पूर्ण केली नाही तर बाजार पूर्ण करतो.

आणि बाजाराने ती केली. अमेरिकेत 'कमी स्निग्धांश' असा शिक्का मारलेली बिस्किटे, केक आणि दही यांची रीघ लागली. काढलेल्या स्निग्धांशाची जागा बहुशः साखर आणि पीठ यांनी घेतली. शिक्का खरा होता आणि वाक्याचे पालनही अक्षरशः झाले होते.

याहून गंभीर दाखला हायड्रोजनयुक्त तेलांचा आहे, आणि तो भारतातही परिचयाचा आहे. द्रव तेलात हायड्रोजन घालून घट्ट केलेले 'वनस्पती' १९३० नंतरच्या दशकात येथे तयार होऊ लागले. 'डालडा' हे त्यांपैकी एका उत्पादनाचे नाव पुढे साऱ्या जातीचे सामान्यनाम झाले. तुपासारखा रवाळपणा आणि 'वनस्पती तूप' हे नाव, या दोहोंच्या बळावर त्याने तुपाची जागा घेतली. शुद्ध तुपातील भेसळ ओळखता यावी म्हणून या पदार्थात किमान ५ टक्के तिळाचे तेल मिसळणे कायद्याने बंधनकारक करण्यात आले होते. रासायनिक कसोटीत तिळाची खूण दिसली की भेसळ उघड होई. नामसादृश्याने निर्माण झालेला संशय निवारण्यासाठी पदार्थातच खूण पेरावी लागली, ही घटना शब्दार्थाच्या अभ्यासकासही उद्‌बोधक आहे. पाश्चात्त्य देशांत मार्गारिनचे स्थान असेच होते : ते वनस्पतिजन्य, म्हणून लोण्याहून हितकर. १९९० मध्ये मेन्सिंक आणि कातान या डच संशोधकांनी दाखविले की अशा प्रक्रियेत निर्माण होणारी ट्रान्स मेदाम्ले रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितात आणि उपकारक कमी करतात. म्हणजे ज्या लोण्याच्या जागी ती आली त्याहून त्यांची करणी वाईट. डेन्मार्कने २००३ मध्ये त्यांवर मर्यादा घातली; भारतात तेला-तुपातील २ टक्क्यांची मर्यादा जानेवारी २०२२ पासून लागू झाली. दरम्यानच्या काळात ज्यांनी श्रद्धेने तूप सोडून वनस्पती पत्करले, त्यांनी उपदेश मोडला नव्हता, तो पाळला होता.

'कशाऐवजी' या आकांक्षेचे उत्तर ज्या प्रयोगांत दिले होते, त्यांचे निष्कर्षही एकजिनसी नाहीत. मिनेसोटातील मनोरुग्णालये आणि एक वृद्धनिवास येथे १९६८ ते १९७३ या काळात नऊ हजारांहून अधिक व्यक्तींवर झालेल्या प्रयोगात संपृक्त मेदाऐवजी मक्याचे तेल देण्यात आले. कोलेस्टेरॉल उतरले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. हा निष्कर्ष १९८९ मध्ये अंशतः, आणि जुनी आकडेवारी पुन्हा तपासल्यावर २०१६ मध्ये अधिक पूर्णपणे प्रसिद्ध झाला. सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात हृद्रोग झालेल्या ४५८ पुरुषांपैकी एका गटास करडईचे तेल आणि त्याचेच मार्गारिन देण्यात आले. २०१३ च्या पुनर्विश्लेषणात त्या गटातील मृत्यू अधिक आढळले. अमेरिकेत सुमारे ४८,८०० प्रौढ स्त्रियांवर आठ वर्षे चाललेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एकूण स्निग्धांश कमी केल्याने हृद्रोगाच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही.

या प्रयोगांना स्वतःच्या मर्यादा आहेत, आणि त्या सांगितल्या पाहिजेत. मिनेसोटातील बहुतेक व्यक्ती त्या आहारावर वर्षभरही नव्हत्या. सिडनीच्या मार्गारिनमध्ये ट्रान्स मेदाम्ले असण्याचा संभव आहे. स्त्रियांच्या प्रयोगात दोन गटांच्या आहारातील प्रत्यक्ष अंतर अपेक्षेहून कमी राहिले. उलट, अशा सर्व प्रयोगांचा एकत्र विचार करणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन समीक्षेनुसार, दोन वर्षे वा अधिक काळ संपृक्त स्निग्धांश कमी केल्यास हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रसंग सुमारे एक-षष्ठांशाने घटतात. मृत्यूच्या एकूण प्रमाणावर मात्र फारसा परिणाम दिसत नाही. येथेही लाभ कितपत होतो हे संपृक्त मेदाच्या जागी काय येते यावर अवलंबून असल्याचे दिसते. शास्त्राने ही अपेक्षा स्वतःशी मान्य केली. जनतेसाठी लिहिलेल्या वाक्यात ती फार उशिरा उतरली.

५

प्रतिपक्षाच्या वाक्यात दोष आहे तो योग्यतेचा. 'पूर्वज खात होते तसे खा' या आज्ञेत 'तसे' हे पद एका निश्चित प्रकाराचा निर्देश करते. 'पूर्वज' या पदाने निर्दिष्ट होणाऱ्या समूहास असा एकच प्रकार ठाऊक नव्हता. अन्वय लागतो, अर्थ बाधित होतो.

या विचाराचे आधुनिक प्रवर्तन ज्या निबंधाने झाले तो बॉइड ईटन आणि मेल्व्हिन कॉनर यांचा, १९८५ मधील. पुराश्मयुगीन मानवाच्या आहारात ऊर्जेच्या सुमारे २१ टक्के स्निग्धांश असावा, असा त्यांचा अंदाज होता. हा आकडा शासनाच्या ३० टक्क्यांहूनही कमी आहे, ही गोष्ट लोण्याच्या समर्थनार्थ पूर्वजांना साक्षीस बोलावणारे क्वचितच सांगतात. पुढे २००० मध्ये लॉरेन कॉर्डेन आणि सहकाऱ्यांनी २२९ शिकारी-संग्राहक समाजांची नृवंशशास्त्रीय माहिती घेऊन गणित केले, तेव्हा स्निग्धांश २८ ते ५८ टक्के निघाला. साक्षीदार तेच, वकील बदलताच साक्ष बदलली.

प्रत्यक्ष समाज पाहिले तर भिन्नता आणखी ठळक होते. पूर्व आफ्रिकेतील मसाई पुरुष दूध, मांस आणि रक्त यांवर राहत. १९६४ मध्ये जॉर्ज मान यांना त्यांचे कोलेस्टेरॉल कमी आढळले. परंतु त्यांनीच १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शवविच्छेदनांत मसाईंच्या रोहिण्यांत काठिण्य आढळले. मात्र रोहिण्या रुंद असल्याने प्रवाह अडलेला नव्हता. बोलिव्हियातील त्सिमाने लोकांच्या हृद्‌रोहिण्या आजवर तपासलेल्या समाजांत सर्वांत निकोप असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या आहारात ७२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून आणि केवळ १४ टक्के स्निग्धांशातून येते. एक समाज दुधामांसावर, दुसरा भात, केळी आणि कंदमुळांवर. दोहोंत समान काय ते शोधू गेल्यास दिवसभराचे अंगमेहनतीचे जीवन आणि कारखान्यातील अन्नाचा अभाव एवढेच हाती लागते. स्निग्धांशाचे प्रमाण नव्हे. २०१३ मध्ये इजिप्त, पेरू, अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि अल्यूशियन बेटे येथील १३७ पुरातन शवांची क्ष-किरण तपासणी प्रसिद्ध झाली. ४७ शवांत रोहिणीकाठिण्याच्या खुणा होत्या, आणि त्यांत शिकारीवर जगणारेही होते. पूर्वज या रोगापासून मुक्त होते, हे गृहीतकही मग सरसकट टिकत नाही.

महाराष्ट्रापुरते पाहिले तरी प्रश्न सुटत नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. त्यांचे मुख्य पीक जव होते. गाईबैल, शेळ्यामेंढ्या यांच्याबरोबर हरणांसारख्या वन्य प्राण्यांची हाडेही तेथे सापडली. आज 'आपले परंपरागत अन्न' म्हणून जे सांगितले जाते त्यातील शेंगदाणा, मिरची आणि बटाटा दक्षिण व मध्य अमेरिकेतून आले, आणि ज्वारी-बाजरी मुळात आफ्रिकेची. तुपाच्या समर्थनार्थ पुराश्मयुगाचा हवाला देणाऱ्याने हेही लक्षात घ्यावयास हवे की दूधदुभत्याची सुरुवातच पशुपालनानंतरची आहे, आणि प्रौढपणी दूध पचविण्याची शक्ती काही समाजांत पसरली ती गेल्या काही सहस्रकांत. तूप हे शेतकऱ्याचे आणि गवळ्याचे अन्न आहे, शिकाऱ्याचे नव्हे.

येथेही भाषेचे कार्य दिसते. मराठी मनात 'पूर्वज' म्हणजे ज्यांचे श्राद्ध करावयाचे ते : पिता, पितामह, प्रपितामह. या शब्दाला आदराचे वलय आहे आणि त्याचा पल्ला तीन पिढ्यांचा. इंग्रजीतील तत्सम पद पणजोबांपासून गुहेतील मानवापर्यंत सर्वांना कवेत घेते. त्याचे भाषांतर 'पूर्वज' असे होताच पणजीच्या हातच्या तुपाविषयीची ममता दहा हजार वर्षांपलीकडच्या अनोळखी मानवाकडे संक्रांत होते. 'वाडवडील' हा शब्द अशा जागी वापरून पाहावा. 'पुराश्मयुगीन वाडवडील' असे कोणी म्हणणार नाही, आणि ही अडचणच युक्तिवादातील सांधा कोठे निखळला आहे ते दाखविते.

६

तिसरी अट संनिधीची. पुरावा आणि उपदेश ही एकाच विधानाची दोन अंगे मानली, तर त्यांत काळाचे, स्थळाचे आणि व्यक्तींचे अंतर जितके वाढेल तितका अर्थबोध संदिग्ध होतो. १९६१ चा सल्ला मुख्यतः हृद्रोग होऊन गेलेल्या वा त्याचा धोका अधिक असलेल्या लोकांसाठी होता. दोन दशकांत तो साऱ्या राष्ट्राचा झाला. सात देशांच्या अध्ययनात स्त्री एकही नव्हती, आणि भारतही नव्हता.

भारतात जो पुरावा होता तो मात्र या चर्चेच्या कडेलाच राहिला. पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरातील दहा लाखांहून अधिक रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून १९६७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. दक्षिण भारतीय कर्मचाऱ्यांत हृद्रोग पंजाबी कर्मचाऱ्यांच्या सातपट आढळला. आणि पंजाबी कर्मचाऱ्यांच्या आहारात स्निग्धांश, मुख्यतः दुधातुपाचा, दाक्षिणात्यांच्या आठ ते एकोणीस पट होता. पहिल्या वाक्यानुसार हे उलट व्हावयास हवे होते. या अध्ययनावर आक्षेप घेता येतात : ते मृत्यूच्या नोंदींवर आधारलेले आहे, आणि उत्तर-दक्षिणेत केवळ तुपाचाच भेद नाही. शिवाय ही स्थिती शाश्वत नव्हती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राज्यवार पाहणीत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण अधिक असलेल्या राज्यांत केरळ आणि तामिळनाडू यांच्याबरोबर पंजाबही आहे. म्हणून मल्होत्रांच्या निबंधावरून तूप हृदयाचे रक्षण करते असे अनुमान काढणे, कीज यांच्या सहा देशांवरून काढलेल्या अनुमानाइतकेच उतावळे होईल. परंतु एका आलेखाने उपदेश घडावा आणि दुसऱ्याची दखलही घेतली जाऊ नये, यास पुराव्याचे तारतम्य म्हणता येत नाही.

व्यक्तिभेदाचा पुरावा जनुकशास्त्रानेही दिला आहे. वनस्पतिजन्य मेदाम्लांपासून शरीरास आवश्यक अशी दीर्घ साखळीची मेदाम्ले बनविण्याचे कार्य ज्या जनुकांकडे आहे, त्यांतील एका विशिष्ट भेदाचे २०१६ मध्ये अध्ययन प्रसिद्ध झाले. पुण्यातील, मुख्यतः शाकाहारी अशा २३४ व्यक्तींपैकी ६८ टक्क्यांत तो दोन्ही प्रतींत आढळला; तुलनेच्या अमेरिकन गटात १८ टक्क्यांत. ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांत, ज्यांचा आहार सागरी प्राण्यांचा, याच जनुकसमूहात निराळ्या दिशेचे अनुकूलन झाल्याचे २०१५ मध्ये दिसून आले होते. पूर्वजांनी वंशजांस वारसा दिला हे खरे. परंतु तो एकच नाही, आणि एकाचा वारसा दुसऱ्याच्या ताटात वाढता येत नाही.

७

वरील विवेचनावरून स्निग्धांशाविषयीचे सारे शास्त्र कोसळले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. रक्तातील कमी घनतेचे कोलेस्टेरॉल रोहिणीकाठिण्यास कारणीभूत होते, हे आता केवळ आलेखांवर अवलंबून नाही. आनुवंशिक कारणांनी ते जन्मतःच वाढलेले असणाऱ्या कुटुंबांच्या अध्ययनातून ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांनी त्याची यंत्रणा उलगडली व १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळविले. ते उतरविणाऱ्या औषधांनी हृद्रोग कमी होतो हेही अनेक प्रयोगांत सिद्ध झाले आहे. 'तूप कितीही खा' असे सांगणाऱ्यास या पुराव्यापुढे उत्तर द्यावे लागेल, आणि ते 'पणजोबा खात होते' हे असू शकत नाही. हृद्रोग्याने वैद्याचा सल्ला या वादाच्या भरात सोडणे तर सर्वस्वी अनुचित होय.

कोसळते ते एवढेच : खाद्यपदार्थांऐवजी घटकाचे नाव घेणारे, त्याच्या जागी काय यावे हे न सांगणारे, आणि कोणास उद्देशून आहे ते न सांगता सर्वांस लागू केलेले वाक्य. अधिकृत मार्गदर्शिकांनीही हे हळूहळू मान्य केलेले दिसते. अमेरिकेच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत कोलेस्टेरॉलच्या सेवनाची ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा राहिली नाही. जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झालेल्या मार्गदर्शिकेत स्वयंपाकासाठी लोणी आणि गोवंशाची चरबी यांचाही पर्याय म्हणून उल्लेख आला. संपृक्त स्निग्धांशाची १० टक्क्यांची मर्यादा मात्र तशीच राहिली. दोन्ही सूचना एकत्र पाळावयाच्या म्हणजे लोणी नेमके किती, हे काम वाचकाकडे सोपविले गेले. दोन पक्षांची वाक्ये एका कागदावर शेजारी ठेवल्याने त्यांची आकांक्षा पूर्ण होत नाही.

या संदर्भात जुन्या वैद्यकातील एका रीतीकडे निर्देश करणे उपयुक्त ठरेल. प्रामाण्यासाठी नव्हे, रचनेसाठी. चरकसंहितेत घृत, तैल, वसा आणि मज्जा असे स्नेहाचे चार प्रकार सांगून कोणता कोणत्या ऋतूत व कोणत्या प्रकृतीच्या मनुष्यास, हे सांगितले आहे. त्यातील विधाने आजच्या कसोटीस उतरतील की नाही हा वेगळा प्रश्न. परंतु 'स्नेह कमी करा' किंवा 'स्नेह वाढवा' असे निराकांक्ष वाटणारे, पण वस्तुतः अपुरे वाक्य उच्चारून तेथे थांबलेले नाही. मराठीतील 'पथ्य' हा शब्दही याच रीतीचा आहे. पथ्य नेहमी कोणाचे तरी आणि कशाचे तरी असते.

मराठीत आरोग्यविषयक साहित्य लिहिणाऱ्यांस, आणि त्याची परिभाषा सिद्ध करणाऱ्या विद्यापीठीय विभागांस, यातून काही व्यावहारिक कर्तव्ये प्राप्त होतात. शरीरातील साठ्यास 'मेद' वा 'चरबी' आणि अन्नघटकास 'स्निग्ध पदार्थ' हा भेद कटाक्षाने पाळावा. शक्य तेथे घटकाऐवजी पदार्थाचेच नाव घ्यावे : तूप, खोबरेल, करडईचे तेल, वनस्पती. 'कमी' किंवा 'अधिक' या पदांबरोबर 'कशाऐवजी' आणि 'कोणी' ही पदे त्याच वाक्यात यावीत, तळटीपेत नव्हे. आणि पूर्वजांचा हवाला देताना ते कोणते, कोठले व केव्हाचे, हे लिहिणाऱ्याने सांगावे. असे केल्याने उपदेश लांबेल आणि त्याचे घोषवाक्य होणार नाही. परंतु ज्या स्त्रीला दररोज घरातील पाचसहा माणसांच्या ताटात काय वाढावे याचा निर्णय करावयाचा असतो, तिला त्या वाक्याचा काहीतरी उपयोग होईल.